शांतिसैनिक गोळी कधी झाडतात? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांतील बळाच्या वापराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शांतिमोहिमांवर काहीही लिहिले की त्याच त्या शंका पुन्हा येतात. काही शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या, काही स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या, बऱ्याच लष्करातल्या कुटुंबांच्या. सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न एकच असतो: हातात बंदूक होती, तर ते बघत का उभे राहिले? त्याचे उत्तर प्रश्न ६ ते ९ मध्ये आहे, पण आधीची पाच उत्तरे वाचली तर ते नीट कळेल. ज्याचे उत्तर आधीच आले आहे तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शांतिसैनिकांच्या बंदुकीत खऱ्या गोळ्या असतात का, की ती नुसती दाखवायला?

खऱ्या असतात. गोंधळ होतो तो दोन प्रकारची माणसे एकाच निळ्या टोपीखाली असल्यामुळे. पहिला प्रकार लष्करी निरीक्षकांचा. हे अधिकारी निःशस्त्र असतात. युद्धबंदी पाळली जाते का ते बघायचे आणि अहवाल पाठवायचा, एवढेच त्यांचे काम. १९४८ साली पॅलेस्टाइनमध्ये सुरू झालेली पहिली मोहीम अशीच होती आणि १९४९ पासून काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर आलेले निरीक्षकही असेच.

दुसरा प्रकार सशस्त्र तुकड्यांचा. तो १९५६ च्या सुएझ संकटात जन्माला आला. इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायलच्या फौजा इजिप्तमधून मागे घ्यायच्या होत्या आणि मध्ये कुणीतरी उभे राहायला हवे होते. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी कल्पना मांडली, सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी ती काही दिवसांत उभी केली, भारतानेही त्या पहिल्या फौजेत बटालियन पाठवली. आजच्या तुकड्यांकडे रायफली, मशीनगन, चिलखती गाड्या असतात, काही मोहिमांत लढाऊ हेलिकॉप्टरही असतात.

२. हा अधिकार येतो कुठून? सनदेत तसे लिहिले आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेनेचा उल्लेखच नाही. सहाव्या प्रकरणात तंटे सामोपचाराने मिटवण्याचे मार्ग आहेत, सातव्यात आक्रमकाविरुद्ध सक्तीची कारवाई आहे. शांतिसेना या दोहोंच्या मधली. म्हणूनच तिला 'साडेसहावे प्रकरण' म्हणण्याची पद्धत पडली.

सनदेच्या ४३ व्या कलमानुसार सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेच्या हाताशी कायमच्या फौजा ठेवायच्या होत्या. अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या वैरात ते कधीच घडले नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांना स्वतःचे सैन्य नाही. दर वेळी सुरक्षा परिषद ठराव करते, त्यात मोहिमेचे काम ठरते, ज्याला सगळे 'मँडेट' म्हणतात, आणि मग देशोदेशीच्या फौजा मागून आणल्या जातात. ठरावाला पंधरापैकी नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणीही नकाराधिकार वापरून चालत नाही. जवानाच्या बंदुकीमागचा अधिकार या ठरावातून येतो.

३. 'फक्त स्वसंरक्षणासाठी' असे नेहमी वाचतो. म्हणजे स्वतःवर गोळी आली तरच?

सुरुवातीला जवळपास तसेच होते. १९५६ च्या फौजेला आपणहून गोळी झाडायची मुभा नव्हती. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सिनाईत दुसरी फौज गेली, तेव्हा सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी स्वसंरक्षणाचा अर्थ मोठा केला: फौजेला तिचे काम करण्यापासून कुणी बळाने अडवत असेल, तर त्याचा प्रतिकार हाही स्वसंरक्षणाचाच भाग.

या एका वाक्याने फार मोठे दार उघडले. मदतीचा ताफा न्यायचे काम असेल आणि बंदूकधारी रस्ता अडवत असतील, तर कागदोपत्री तुम्ही बळ वापरू शकता. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच गोष्ट तिसरे तत्त्व म्हणून आली. पहिले तत्त्व संबंधितांची संमती, दुसरे निःपक्षपातीपणा, आणि तिसरे असे की स्वसंरक्षण आणि मँडेटचे संरक्षण सोडून बळ वापरायचे नाही.

निःपक्षपाती म्हणजे तटस्थ नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवे. सर्वांना एकच नियम लावायचा आणि जो मोडेल त्याला आवर घालायचा, मग तो कुणीही असो, असा त्याचा अर्थ आहे. दोघे भांडत असताना दोघांकडे पाठ फिरवणे त्यात बसत नाही.

४. सातव्या प्रकरणाखालचा ठराव असेल तरच गोळी चालवता येते, हे खरे ना?

नाही. परीक्षेच्या गाइडमध्ये असे छापलेले दिसते, पण ते अर्धवट आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कुठल्याही मोहिमेत असतोच. सातव्या प्रकरणाचा उल्लेख असला की परिषद मागे ठाम उभी आहे, हे उघड होते. लेबनॉनमधल्या फौजेला २००६ च्या १७०१ क्रमांकाच्या ठरावाने 'आवश्यक ती सर्व कारवाई' करायची मुभा दिली, आणि त्या ठरावात सातव्या प्रकरणाचे नाव नाही. ठरावातले शब्द काय आहेत ते वाचायचे, प्रकरणाच्या आकड्यावर जायचे नाही.

५. प्रत्यक्ष चौकीवर उभा असलेला जवान गोळी झाडायची की नाही हे कसे ठरवतो?

प्रत्येक मोहिमेसाठी न्यूयॉर्कमधून 'रूल्स ऑफ एंगेजमेंट' ठरवून दिले जातात. मोहिमेचा लष्करप्रमुख म्हणजे फोर्स कमांडर. त्याला ते स्वतःच्या मनाने सैल करता येत नाहीत. त्यांचा सारांश एका छोट्या कार्डावर छापून जवानांना देतात, शक्यतो त्यांच्या भाषेत.

समजा, रात्री नाक्यावर एक पिकअप गाडी वेगाने येते आहे, मागे हत्यारबंद माणसे बसली आहेत. आधी उजेड टाकून आणि हाताने इशारा. मग स्थानिक भाषेत ओरडून सांगायचे की संयुक्त राष्ट्रांची चौकी आहे, थांबा, नाहीतर गोळी झाडू. मग बंदुका सज्ज करायच्या, त्याचा आवाज समोरच्याला ऐकू जाईल असा. त्यानंतर सुरक्षित दिशेने इशाऱ्याची गोळी. शेवटी नेम धरून, एकेक गोळी, जरुरीपुरती, आसपासच्या लोकांना लागणार नाही अशी. गोळीबार थांबला की जखमींवर उपचार, मग ते हल्लेखोर का असेनात, आणि लगेच अहवाल.

पायऱ्या अशा असल्या तरी त्या प्रत्येक वेळी चढाव्याच लागतात असे नाही. समोरच्याने रॉकेट लाँचर खांद्यावर घेतला असेल तर इशारा देत बसायला नियम सांगत नाहीत. प्रत्यक्ष हल्ला झाला नसला, तरी हल्ल्याचा इरादा स्पष्ट दिसत असेल तर गोळी झाडता येते. इरादा ओळखायचा कसा, हा मात्र प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण भाग आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला परक्या देशात, अंधारात, दोन-तीन सेकंदांत तो ओळखायचा असतो.

६. समोर सामान्य लोकांवर हल्ला होत असेल तर शांतिसैनिक मध्ये पडू शकतात का?

आज बहुतेक मोठ्या मोहिमांत पडू शकतात, एवढेच नव्हे, ते त्यांचे कामच आहे. याची स्पष्ट सुरुवात ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेपासून झाली. १२७० क्रमांकाच्या ठरावाने, तातडीचा शारीरिक धोका असलेल्या नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा सातव्या प्रकरणाखाली दिली. त्याला 'आपल्या क्षमतेनुसार आणि तैनातीच्या क्षेत्रात' अशी पुस्ती जोडलेली होती. ही पुस्ती वाजवी आहे, कारण तीनशे माणसे अख्खा प्रांत राखू शकत नाहीत. पण याच पुस्तीच्या आड लपताही येते.

किती लपतात याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत तपासणी कार्यालयाने २०१४ मध्ये मांडला. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांशी संबंधित ५०७ घटना मोहिमांनी नोंदवल्या होत्या. त्यांतल्या फक्त १०१ घटनांना, म्हणजे पाचांपैकी एकीला, तत्काळ प्रतिसाद मिळाला. शेवटचा उपाय म्हणूनही बळ जवळजवळ कधीच वापरले गेले नव्हते. मी हा आकडा प्रत्येक व्याख्यानात सांगतो. 'परवानगीच नव्हती' हे स्पष्टीकरण १९९९ नंतरच्या मोहिमांना लागू पडत नाही. परवानगी होती. माणसे कमी होती, वाहने नव्हती, जखमीला उचलून न्यायला हेलिकॉप्टर येईल याची खात्री नव्हती, आणि मायदेशाहून 'सांभाळून राहा' असा निरोप होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण सुदानमधल्या अकोबो इथल्या छोट्या तळावर सशस्त्र तरुणांच्या प्रचंड जमावाने हल्ला केला. आत आश्रय घेतलेल्या नागरिकांना मारायला ते आले होते. तळावर मूठभर भारतीय जवान होते. त्यांतल्या दोघांनी प्राण दिले आणि आश्रयाला आलेलेही अनेक मारले गेले. तिथे हेतू होता, संख्या नव्हती.

७. रवांडात शांतिसेना असताना एवढी कत्तल कशी झाली?

कॅनडाचे जनरल रोमिओ डॅलेअर यांच्या हाताखाली रवांडात सुमारे अडीच हजार सैनिक होते. ११ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी न्यूयॉर्कला तार केली: खबऱ्या शस्त्रांचे साठे दाखवायला तयार आहे, अल्पसंख्य तुत्सी समाजाला मारायची तयारी चालू आहे, मी छापा घालणार आहे. उत्तर आले की ते मँडेटच्या बाहेर आहे, करू नका. डॅलेअर यांनी आपल्या नियमांच्या मसुद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे रोखण्यासाठी बळ वापरायचे कलम घातले होते. त्यावर मुख्यालयाने औपचारिक मान्यतेची मोहोर कधी उठवली नाही.

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या रक्षणाला गेलेल्या दहा बेल्जियन जवानांना पकडून ठार मारण्यात आले. मारणाऱ्यांचा हिशेब साधा होता: दहा गोरे सैनिक मेले की बाकीचे घरी जातील. तो खरा ठरला. बेल्जियमने फौज काढून घेतली. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार लोक बेल्जियन तुकडीच्या भरवशावर थांबले होते. ११ एप्रिलला तुकडी निघून गेली आणि त्याच दिवशी त्यांतल्या बहुतेकांना मारून टाकले. त्याच आठवड्यात परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी फ्रेंच आणि बेल्जियन सैनिक विमानाने आले होते. म्हणजे लढू शकणारे सैनिक शहरात होते, त्यांना काम दुसरे दिले होते. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने मोहीम २७० माणसांवर आणायचे ठरवले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली.

डॅलेअर यांच्याजवळ उरलेल्या थोड्या सैनिकांनी, ज्यांत घानाचे जवान मुख्य होते, स्टेडियममध्ये आणि इतर ठिकाणी हजारो लोक वाचवले. बहुतेक वेळा दारात नुसते उभे राहून. म्हणूनच, आणखी पाच हजार चांगले सैनिक असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडून जात नाही.

८. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला तर 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले होते. मग?

जाहीर केले, राखायला फौज दिली नाही. बोस्नियातली सुरक्षित क्षेत्रे राखायला सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील असा अंदाज लष्करी सल्लागारांनी दिला होता. परिषदेने ७,६०० चा स्वस्त पर्याय निवडला. जून १९९३ च्या ८३६ क्रमांकाच्या ठरावात बळाची परवानगी होती, पण 'स्वसंरक्षणार्थ' हा शब्द असा घुसवलेला होता की ज्याला हवा त्याने हवा तो अर्थ काढावा.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांची फौज चालून आली तेव्हा तिथे हलकी हत्यारे असलेले काहीशे डच सैनिक होते. त्यांनी मागितलेली हवाई मदत उशिरा आणि तुटपुंजी आली. ओलीस धरलेल्या डच सैनिकांना मारू अशी धमकी येताच तीही थांबली. मे महिन्यातल्या हवाई हल्ल्यांनंतर सर्बांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले होते, त्याची धास्ती ताजीच होती. ११ जुलैला गाव पडले आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले.

काही वाचक विचारतात की माजी युगोस्लाव्हियातल्या या फौजेचे पहिले प्रमुख भारतीय होते ना? हो, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. पण ते मार्च १९९३ मध्येच परतले होते आणि सुरक्षित क्षेत्रांची घोषणा त्यांच्यानंतरची. कोर्टाच्या निकालांसाठी प्रश्न १६ पाहा.

९. हुकूम कुणाचा चालतो? फोर्स कमांडरचा की दिल्लीचा?

नियमाने मोहिमेतल्या कारवाईचा हुकूम फोर्स कमांडरचा. बढती, शिस्त, पगार हे मायदेशाकडे. व्यवहारात अनेक देश आपल्या तुकडीला अटी घालून पाठवतात: अमुक भागाबाहेर जायचे नाही, रात्री गस्त नाही, हल्ल्यात भाग नाही. काही अटी लेखी असतात, काही फक्त तोंडी. धोक्याचे काम आले की कमांडिंग ऑफिसर आधी आपल्या राजधानीला फोन लावतो, ही गोष्ट मोहिमांत काम केलेला कोणताही अधिकारी सांगेल. फोर्स कमांडर हुकूम देतो खरा, पण तो मोडला तर तो फार तर त्या तुकडीला घरी पाठवायची शिफारस करू शकतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये गोलन टेकड्यांवर याचा कडेलोट झाला. सीरियातल्या सशस्त्र गटांनी फिजीचे ४५ सैनिक पकडले आणि फिलिपिन्सच्या चौक्यांना वेढा घातला. फोर्स कमांडर भारतीय होते. फिलिपिन्सच्या लष्कराने जाहीरपणे म्हटले की आम्हाला शस्त्रे खाली ठेवायला सांगितले गेले. असा आदेश दिलाच नव्हता, असे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले. फिलिपिनो सैनिक लढले आणि रात्रीच्या अंधारात निसटले. फिजीचे सैनिक सुमारे दोन आठवड्यांनी सुखरूप सुटले. पकडलेल्यांचा जीव आणि वेढ्यातल्यांचे स्वातंत्र्य यांतले काय आधी, हा निर्णय फोर्स कमांडर आणि मनिला वेगवेगळ्या बाजूंनी पाहत होते.

१०. शांतिसेनेने कधी स्वतःहून हल्ला केला आहे का?

केला आहे, आणि तो आजचा प्रकार नव्हे. १९६० मध्ये काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि महिनाभरात खनिजांनी श्रीमंत कटांगा प्रांत परदेशी भाडोत्री सैनिकांच्या जोरावर फुटून निघाला. फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेने यादवी रोखण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळ वापरायची मुभा दिली. नोव्हेंबरमध्ये भाडोत्री सैनिकांना पकडून बाहेर काढण्यासाठीही दिली. मधल्या काळात, त्या संघर्षात वाटाघाटीला जाताना १७-१८ सप्टेंबरच्या रात्री हॅमरशोल्ड यांचे विमान कोसळले आणि ते गेले.

डिसेंबरमध्ये एलिझाबेथव्हिलची लढाई पेटली. ५ डिसेंबर १९६१ रोजी विमानतळाच्या रस्त्यावरचा अडथळा हटवायला ३/१ गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया सोळा जवानांसह निघाले. समोर सुमारे नव्वद बंदूकधारी आणि दोन चिलखती गाड्या होत्या. रॉकेट लाँचरने गाड्या निकामी केल्या आणि मग खुकऱ्या काढून चढाई केली. मानेला गोळ्या लागूनही सलारिया लढत राहिले आणि तिथेच गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. त्याच महिन्यात भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी कटांगाच्या विमानतळांवर हल्ले केले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात शेवटच्या कारवाईने कटांगाचे बंड मोडले. मोहिमेचे काम फत्ते झाले, पण अनुभव इतका कडू होता की पुढची जवळपास तीन दशके अशा वाटेला कुणी गेले नाही.

११. ऑपरेशन खुकरी नेमके काय होते?

सिएरा लिओनमध्ये मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. बहुतेक जण वाटाघाटींनी सुटले, पण कैलाहून इथे भारताच्या दोन कंपन्या, म्हणजे २२० हून अधिक जवान, आणि ११ लष्करी निरीक्षक वेढ्यात राहिले. सुमारे पंचाहत्तर दिवस त्यांनी शस्त्रे दिली नाहीत. फोर्स कमांडर मेजर जनरल विजयकुमार जेटली यांनी घाई केली नाही. जुलैच्या मध्यात, भर पावसात, भारतीय पायदळ, हवाई दलाची हेलिकॉप्टर आणि ब्रिटिश चिनूक यांच्या मदतीने वेढा फोडून सर्वांना बाहेर काढले. एका हवालदाराला वीरमरण आले.

लोक या मोहिमेची सांगता शौर्यावर करतात. मला त्यात नियोजन जास्त दिसते. वाटाघाटींचा दोर शेवटपर्यंत हातात ठेवला, आणि बळ वापरायचे ठरल्यावर अपुरे वापरले नाही.

१२. काँगोत 'हल्ला करणारी ब्रिगेड' पाठवली होती म्हणतात. ती वेगळी कशी?

नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ बंडखोरांनी गोमा शहर घेतले आणि हजारो शांतिसैनिक असूनही ते थांबले नाहीत. त्या नामुष्कीनंतर मार्च २०१३ मध्ये २०९८ क्रमांकाच्या ठरावाने 'फोर्स इंटरव्हेन्शन ब्रिगेड' उभी केली. दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचे तीन हजारांहून थोडे अधिक सैनिक. आधीच्या मोहिमांत बळाची परवानगी होती ती काम राखण्यासाठी. इथे ठरावानेच सांगितले की सशस्त्र गटांना शोधा आणि निष्प्रभ करा. ब्राझीलचे जनरल कार्लोस अल्बेर्तो दोस सांतोस क्रूझ यांच्या नेतृत्वाखाली, काँगोच्या लष्कराबरोबर लढून, नोव्हेंबर २०१३ पर्यंत एम-२३ ला हरवले.

त्यातून तीन अडचणी राहिल्या. ज्या सरकारी फौजेसोबत ही ब्रिगेड लढत होती, तिच्यावरही अत्याचारांचे आरोप होते. त्याच देशात गस्त घालणाऱ्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी तुकड्यांकडे लोक आणि बंडखोर एकाच नजरेने पाहू लागले, कारण निळी टोपी एकच. आणि एम-२३ मागची कारणे तशीच होती: जमीन, खाणी, शेजारी रवांडाचा हात. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ ने गोमा पुन्हा घेतले.

१३. शांतिसैनिकांवर हल्ला करणे युद्धगुन्हा आहे ना? मग ते लढायला लागल्यावरही?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापन झाले त्या रोम कराराखाली तो युद्धगुन्हा आहे, पण शांतिसैनिकांना नागरिकांसारखे संरक्षण लागू असेल तोवरच. ते लढाईत एका बाजूने उतरले की त्या काळापुरते ते संरक्षण जाते आणि युद्धाचे नियम दोन्ही बाजूंना लागू होतात. १९९९ मध्ये सरचिटणीसांनी काढलेल्या परिपत्रकाने संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनाही मानवतावादी कायद्याची मूलतत्त्वे बंधनकारक केली. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडल्याने संरक्षण जात नाही. प्रश्न १२ मधली ब्रिगेड मात्र सीमारेषेच्या पलीकडे होती असे बहुतेक कायदेपंडित मानतात. त्याच तळावर राहणाऱ्या इतर तुकड्यांचे काय, यावर एकमत नाही.

१४. सरकारी सैन्यच लोकांना मारत असेल तर? त्याच सरकारच्या संमतीने तर शांतिसेना तिथे असते!

सर्वांत अवघड पेच हाच. नागरिक-संरक्षणाच्या अधिकृत धोरणात स्पष्ट लिहिले आहे की हल्लेखोर कुणीही असो, यजमान देशाचे सैन्य धरून, मोहिमेने लोकांना वाचवले पाहिजे. व्यवहारात तेच सरकार व्हिसा, इंधन, विमानांची परवानगी रोखू शकते, आणि उद्या 'चालते व्हा' म्हणू शकते.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रिएक माचार यांच्या फौजा भिडल्या. दोन चिनी शांतिसैनिक मारले गेले. सरकारी सैनिक 'टेरेन' नावाच्या निवासात घुसले, एका पत्रकाराला ठार केले, मदतकार्यातल्या स्त्रियांवर बलात्कार केले. संयुक्त राष्ट्रांचा तळ तिथून सुमारे एक किलोमीटरवर होता. आतून वारंवार फोन गेले, कुणी आले नाही. निवृत्त डच मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशीनंतर केनियाच्या फोर्स कमांडरला हटवले गेले, तेव्हा केनियाने चिडून आपले सैनिकच काढून घेतले. आमच्या एका माणसावर खापर फोडले, हा त्यांचा आक्षेप मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण एक किलोमीटर चालून न जाण्याला नियमांत कुठेही आधार नव्हता.

१५. हत्यारबंद टोळी नव्हे, चिडलेला जमावच तळावर आला तर?

दगड मारणाऱ्या जमावावर रायफल वापरायची नसते. त्यासाठी अश्रुधूर, ढाली आणि प्रशिक्षण असलेली पोलीस पथके मोहिमांत असतात. जमावात बंदुका आल्या की गणित बदलते. जुलै २०२२ मध्ये पूर्व काँगोत मोहिमेविरुद्ध उद्रेक झाला, त्यात बुटेम्बोच्या तळावर सीमा सुरक्षा दलाचे दोन भारतीय जवान आणि मोरोक्कोचा एक शांतिसैनिक मारले गेले. काही दिवसांनी कासिंदीच्या सीमा-नाक्यावर मोहिमेच्याच सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली, आणि त्या सैनिकांना ताब्यात घ्यावे लागले. दोन्ही घटना एकाच आठवड्यातल्या. पहिलीची भीती दुसरीत उतरली असेल का, हे मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवे.

१६. चुकीचा गोळीबार झाला, किंवा मदतच केली नाही, तर शिक्षा कोण करते?

ज्या देशात घडले त्या देशाची कोर्टे सैनिकावर खटला चालवू शकत नाहीत. तो अधिकार सैनिक पाठवणाऱ्या देशाचा. भारतीय जवान तिथेही लष्करी कायद्याखालीच असतो. संयुक्त राष्ट्रे चौकशी करू शकतात, घरी पाठवू शकतात, तुरुंगात टाकू शकत नाहीत. संघटनेला स्वतःलाही कोर्टात खेचता येत नाही.

देशाला मात्र खेचता येते, हे स्रेब्रेनित्साच्या नातेवाइकांनी दाखवून दिले. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तळाबाहेर काढलेल्या तीन पुरुषांच्या मृत्यूसाठी डच सरकारला जबाबदार धरले. २०१९ मध्ये आणखी सुमारे ३५० जणांसाठी दहा टक्के जबाबदारी मान्य केली. वाचण्याची तेवढीच शक्यता उरली होती, असा त्या टक्केवारीचा हिशेब.

१७. श्रीलंकेतली आपली शांतिसेना यात येते का? आणि कोरियन युद्ध, आखाती युद्ध?

यांतली एकही संयुक्त राष्ट्रांची शांतिमोहीम नव्हती. कोरिया (१९५०) आणि कुवेत (१९९०-९१) इथे परिषदेने देशांच्या आघाडीला युद्धाची मुभा दिली होती. श्रीलंकेत भारतीय फौज गेली ती २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराने. ऑक्टोबरपर्यंत ती लिट्टेशी पूर्ण युद्धात उतरली आणि १९९० च्या मार्चमध्ये परतेपर्यंत सुमारे १,२०० जवान गेले. त्यांत होते मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. निळ्या टोपीखाली नसले तरी त्यांचे बलिदान कमी ठरत नाही. फक्त प्रश्न ३ मधली तत्त्वे तिथे लावू नयेत.

१८. बंदूक न चालवता पेच सुटल्याचे एखादे खरे उदाहरण आहे का?

मला सर्वांत आवडणारे उदाहरण कोल्हापूरकडच्या मेजर जनरल एस. पी. पी. थोरातांचे आहे. कोरियातल्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २३,००० युद्धकैदी भारताच्या 'कस्टोडियन फोर्स'च्या ताब्यात आले. ही फौज शस्त्रसंधीच्या करारातून आलेली, शांतिमोहीम नव्हे, पण काम तेच. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरना आवारात ओढून डांबून ठेवले. थोरात निःशस्त्र आत गेले, चिडलेल्या गर्दीत बसून बोलले, आणि आपला अधिकारी सोडवून आणला. त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबरमध्ये, कैदी कुंपणावर चालून आल्यावर त्याच फौजेला गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. दोन्ही निर्णय एकाच सेनानीच्या फौजेचे होते, आणि दोन्ही त्या त्या वेळी योग्य होते असे माझे मत आहे.

१९. माझ्या मिस्टरांची बटालियन दक्षिण सुदानला जाते आहे. त्यांना लढावे लागेल का?

ताई, बहुतेक दिवस तिथले काम गस्त, तळाची राखण, ताफ्यांना सोबत, रस्ते आणि बंधारे, दवाखाना असे असते. जाण्याआधी तुकडीला मोहिमेचे नियम शिकवले जातात; दिल्लीत २००० पासून त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. धोका नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई भागात ताफ्यावरच्या हल्ल्यात पाच भारतीय गेले. १९४८ पासून ४,४०० हून अधिक शांतिसैनिकांनी प्राण गमावले, त्यांत भारताचे सुमारे १८०, कोणत्याही देशापेक्षा जास्त. पण आजार आणि अपघात यांनी गेलेल्यांची संख्या हल्ल्यांत गेलेल्यांपेक्षा मोठी आहे. तेव्हा मलेरियाच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत आणि गाडीत पट्टा लावायचा, हे त्यांना फोनवर दर वेळी आठवण करून द्या.